खोलीसाठीही वेळ ठेवा

उन्हाळ्याच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी त्यातली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली: थीम पार्कला लागून असलेली, मुलांसाठी खास सजवलेली हॉटेलं. टूर मॅनेजर म्हणून अशा हॉटेलांच्या लॉबीत मी बरीच वर्षं कुटुंबांच्या हाती खोल्यांच्या किल्ल्या दिल्या आहेत. हल्ली भाचरांना घेऊन स्वतःही तिथे राहते. म्हणून या अंकातली सगळी जागा त्याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : माझे दीर सिंगापूरला असतात. मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, सोबत सासूबाई. दीर म्हणतात, मलेशियातलं लेगोलँड (लेगोच्या खेळण्यातल्या विटांचं थीम पार्क) एका दिवसात करून परत येता येईल. मुलाला मात्र तिथल्या हॉटेलातच राहायचंय, तेही समुद्री चाच्यांच्या कल्पनेवर सजवलेल्या खोलीत. भाडं पाहून आमच्या ह्यांचं म्हणणं असं की, नुसतं झोपायला एवढे पैसे कशाला? आम्ही शाकाहारी आहोत, तीही एक काळजी. काय करावं?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या ह्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच वेळापत्रकात आहे. सकाळी नऊला बाहेर पडायचं, रात्री दमलेली मुलं खांद्यावर टाकून खोलीत आणायची आणि दिवा घालवायचा, असा बेत असेल तर ते पैसे खरंच वाया जातील. मग दिरांच्या घरी झोपलेलं काय वाईट? पण त्या खोलीसाठी एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवणार असाल, तर एक रात्र जरूर राहा. चार आणि सात ही वयं या हॉटेलसाठी अगदी नेमकी आहेत. लेगोलँड साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आखलेलं आहे. अजून तीन-चार वर्षांनी तुमच्या मुलाला उलटेपालटे करणारे मोठे रोलर कोस्टर हवेसे वाटू लागतील आणि तिथलं सगळं त्याला 'लहान मुलांचं' वाटेल.

हे हॉटेल २०१३ मध्ये सुरू झालं. पार्क त्याच्या आदल्या वर्षीचं, जोहोर बारूजवळच्या इस्कंदर पुतेरीमध्ये. हॉटेलच्या दारातून निघालात की पार्कचं प्रवेशद्वार समोरच. एकूण २४९ खोल्या, आणि त्या समुद्री चाचे, किल्ला, साहसी शोधमोहीम, निंजागो (लेगोचे निंजा) अशा वेगवेगळ्या कल्पनांवर सजवलेल्या. प्रत्येक खोलीचे दोन भाग असतात. एकात मोठ्यांचा पलंग, दुसऱ्यात मुलांचा स्वतंत्र कोपरा: वर-खाली बंक बेड, खालून ओढून काढायचा आणखी एक बिछाना आणि मुलांचा वेगळा टीव्ही. वरच्या बिछान्यासाठी भांडणं होतात. तुमच्याकडे ती व्हायचं कारण नाही, कारण सहा वर्षांखालच्या मुलाला बंक बेडवर वर झोपवू नये हा सुरक्षिततेचा सर्वमान्य नियम आहे. मुलगी खाली, मुलगा वर, हे नाशिकहून निघतानाच ठरवून टाका.

खोलीत एक छोटी तिजोरी असते, आकड्यांच्या कुलुपाची. शेजारी कोड्यांचा कागद. खोलीतली अमुक चित्रं किती, तमुक वस्तू किती, हे मोजायचं; उत्तरांचे आकडे जुळवले की कुलूप उघडतं. अशाच एका खोलीत मी दोन बहिणींना जमिनीवर पालथं पडून मोजताना पाहिलंय. मोठी कागदावरचा प्रश्न वाचायची, धाकटी एकेका चित्रावर बोट टेकवत मोजायची, आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. वडील मदतीला पुढे झाले तर मोठीने हात आडवा धरला. कुलूप उघडलं तेव्हा दोघी इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. आतून निघाली लेगोची छोटीशी भेट. तिची किंमत फार नसेल, पण त्यानंतर जेवणाची वेळ होईपर्यंत दोघी जमिनीवरून उठल्या नाहीत. तुमच्या मुलाला हेच हवंय. तो पार्कबद्दल कमी आणि खोलीबद्दल जास्त बोलतोय, त्याचा अर्थ हाच.

आता बेत असा करा. दोन दिवसांचं तिकीट आणि एक रात्र यांचं एकत्र पॅकेज मिळतं का ते पाहा. पहिल्या दिवशी सकाळी पोहोचा, बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवा आणि पार्कमध्ये शिरा. चेक-इन दुपारी उशिरा असतं. त्या वेळेपर्यंत मिनीलँड आणि ड्रायव्हिंग स्कूल एवढंच करा. मिनीलँडमध्ये आशियातल्या प्रसिद्ध इमारती लेगोच्या विटांनी उभारल्या आहेत, क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवरसुद्धा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मुलगा खरोखरच सिग्नल पाळत गाडी चालवेल, आणि मुलीच्या वयासाठी तिथे छोटा रस्ता वेगळा आहे. खोली हाती आली की त्या दिवसाचं पार्क संपलं. नंतर तिजोरी, मग पोहण्याचा तलाव, मग लॉबीतला विटांचा ढीग, मग जेवण. लिफ्टमध्ये दार बंद झालं की गाणं लागतं आणि रंगीत दिवे फिरतात. मुलं दोन मजल्यांसाठीही पुन्हा पुन्हा खाली-वर करतील, करू द्या. दुसऱ्या दिवशी न्याहारी लवकर उरका, खोली सोडा, बॅगा काउंटरला, आणि पार्क उघडता उघडता आत जा. पहिल्या दोन तासांत जेवढी राइड होतात तेवढी नंतरच्या चार तासांत होत नाहीत.

दुपारी मात्र माघार घ्या. जोहोर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, ऊन नाशिकच्या उन्हासारखं कोरडं नाही, अंगाला चिकटणारं आहे, आणि पार्कचा बराचसा भाग उघड्यावर. दुपारनंतर ढग भरून येतात, विजा चमकू लागल्या की बाहेरची राइड थांबवतात. हॉटेल शंभर पावलांवर असल्याचा खरा उपयोग तेव्हा कळतो. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, त्यामुळे पहिल्या रात्री मुलं लवकर झोपणार नाहीत आणि सकाळी उठणार नाहीत. म्हणून सिंगापूरला उतरल्या उतरल्या लेगोलँड गाठू नका. आधी दिरांकडे तीन-चार दिवस काढा.

एका दिवसात जाऊन येण्याच्या मी विरोधात आहे, त्याचं कारण सीमा. जाताना सिंगापूरचं इमिग्रेशन, पूल, मलेशियाचं इमिग्रेशन. येताना पुन्हा तेच उलट क्रमाने. बसने गेलात तर दोन्ही ठिकाणी सामानासकट उतरून रांगेत उभं राहायचं. एका दिवसात अशा चार रांगा, त्याही चार वर्षांच्या मुलीला आणि सासूबाईंना घेऊन? तुआसकडचा दुसरा पूल लेगोलँडला जवळचा पडतो, गाडी केलीत तर त्याच वाटेने न्यायला सांगा. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची संध्याकाळ टाळा. सिंगापूरच्या शाळांना मे महिन्याच्या शेवटापासून जून संपत येईपर्यंत सुट्टी असते, म्हणून मेचा पहिला पंधरवडा तुमच्या सोयीचा.

कागदपत्रांत लोक एका जागी हमखास अडकतात. मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे. ही सवलत मुदतीची असते, तेव्हा तिकीट काढण्याच्या आठवड्यात ती चालू आहे का, याची खात्री करा. पण तुम्हाला परत सिंगापुरात यायचं आहे. म्हणजे सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा, आणि परत येताना सिंगापूरचं अरायव्हल कार्ड नव्याने भरावं लागतं. मलेशियाचंही डिजिटल अरायव्हल कार्ड प्रवेशाआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं, चार वर्षांच्या मुलीचंसुद्धा. हॉटेलात परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागे दर रात्री दहा रिंगिट पर्यटन कर घेतात. पॅकेजच्या रकमेत तो धरलेला नसेल तर काउंटरवर द्यावा लागतो.

जेवणाचं म्हणाल तर उपाशी राहायची वेळ येणार नाही, पण विचारून खा. न्याहारीला रोटी चनाई मिळाली तर ती छान, मुलांना आपल्या पराठ्यासारखी लागेल. सोबत डाळ असते तशी माशाची किंवा कोंबडीची करीही असते, तेव्हा वाटीत काय आहे ते आधी विचारा. नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधातला, पण त्यावर सुके मासे टाकलेले असतात आणि लाल सांबलात बहुधा सुकवलेल्या कोळंबीचा लगदा असतो. नुसतं 'नॉनव्हेज नको' म्हणून भागत नाही. मासे नकोत, कोळंबी नको, अंडं चालतं की नाही, असं एकेक नाव घेऊन सांगा. जोहोर बारू शहरात तमिळ लोकांची केळीच्या पानावरची शाकाहारी जेवणं मिळतात, परतताना वाट थोडी वाकडी करून तिथे थांबता येईल. तोवर खाकरे आणि मेथीचे ठेपले बॅगेत असूच द्यात.

सासूबाईंचं काय, हे मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. त्यांना विचारा. 'लेकाकडे दोन दिवस निवांत राहते' असं त्या म्हणाल्या तर तो त्यांचाही आनंदच आहे. यायचं म्हणाल्या तर तीन मोठे आणि दोन मुलं एका खोलीत चालतील का, हे हॉटेलला लेखी विचारून घ्या, आणि ओढून काढायच्या बिछान्यावर त्यांना झोपवू नका. जमिनीपासून तो फार खाली असतो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री उठताना त्रास होतो.

प्रश्न : आमची मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची आहे. तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला खोपोलीला इमॅजिका थीम पार्कशेजारच्या हॉटेलात दोन रात्री राहावं असं बायकोच्या मनात आहे. वाढदिवस जुलैत येतो. खर्च करावा का?
— एक बाबा, कोथरूड

उत्तर : दोन रात्री नको, आणि जुलैत तर नकोच.

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. जुलैतला तिथला पाऊस तुम्ही एक्स्प्रेस वेवरून जाताना पाहिलाच असेल. मोठा पाऊस आणि विजा असल्या की उघड्यावरची राइड बंद ठेवावी लागतात. इमॅजिका २०१३ पासून आहे, वॉटर पार्क पुढच्या वर्षी आलं, आणि पार्कला लागून असलेलं नोव्होटेल हॉटेल २०१५ मध्ये उघडलं. हॉटेल चांगलं मोठं आहे, खिडकीतून पार्क दिसेल अशी खोली मागून घेता येते. पण लेगोलँडच्या हॉटेलात जशी प्रत्येक खोली एकेका गोष्टीत रंगवलेली असते, तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. पार्कमधल्या मोठ्या राइडना उंचीची अट असते आणि तुमची लेक त्या पट्टीच्या कितीतरी खाली असणार. म्हणजे तिकीट काढून तुम्ही दोघं आळीपाळीने तिला कडेवर घेऊन रांगेबाहेर उभे.

तिसऱ्या वाढदिवसाला मुलीला काय लागतं? पाणी, फुगे, आई-बाबा दोघंही मोकळे, आणि दुपारची झोप न मोडणं. त्यासाठी पुण्याच्या आसपास तासाभराच्या अंतरावरचं, उथळ तलाव असलेलं कुठलंही साधं रिसॉर्ट पुरेल. पार्क राहू दे. ती साडेचार-पाचची झाली, उंची मीटरच्या पुढे गेली, की डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या मंगळवार-बुधवारी खोपोली गाठा, एक रात्र राहा. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी तेवढी टाळा. निघण्याआधी घरच्या भिंतीवर तिची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट पाहून तिच्याबरोबर बसून यादी करा. 'हे तुला चालतं, हे पुढच्या वेळी' असं घरीच ठरलेलं असलं की राइडच्या दारात रडारड होत नाही. दारात जाऊन 'नाही' ऐकणं लहान मुलाला फार लागतं, मोठ्यांना वाटतं त्याहून जास्त.

बायकोचं मन तरीही तिथेच असेल, तर एक करा: फक्त हॉटेल घ्या, पार्कचं तिकीट काढू नका. तलावावर जाताना एक नियम कडक पाळा. तीन वर्षांचं मूल पाण्यात असताना एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, तेही पाण्यात उतरून आणि हातात फोन न घेता. मूल बुडताना आरडाओरडा करत नाही, आवाज न होता खाली जातं. हवा भरलेल्या रिंगा आणि दंडाच्या पट्ट्या या खेळण्याच्या वस्तू आहेत, जीव वाचवायच्या नाहीत. खोलीतही शिरल्या शिरल्या चहाची किटली उंचावर ठेवा, बाथरूमच्या गरम पाण्याचा नळ आधी स्वतः सोडून बघा आणि खिडकी किंवा बाल्कनीच्या दाराची खिटी लागते का ते पाहा. तिथे पाच मिनिटं गेली तर पुढची संध्याकाळ निर्धास्त जाते.

प्रश्न : मुलगा, सून आणि दोन नातवंडं (नऊ आणि सहा) खोपोलीला जाणार आहेत, मलाही चला म्हणतात. माझं वय अडुसष्ट. मनापासून जावंसं वाटतं, पण तिथे जाऊन बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायच्या असतील तर घरीच बरी. आणि त्यांच्या मजेत माझी अडचणही नको.
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : काकू, जा. पण जाण्याआधी तुमच्या अटी मोकळेपणाने सांगा. तुमच्या पत्रात ज्या दोन भीती आहेत, त्या दोन्ही मुलाला माहीतच नसतील. बाकावर पिशव्या घेऊन बसलेल्या आज्या मी प्रत्येक पार्कमध्ये पाहिल्या आहेत, आणि एकदाही मला ते बरं वाटलेलं नाही. पार्कमध्ये लॉकर असतात. पहिली अट तीच: सामान लॉकरमध्ये.

दुसरी अट खोलीची. पाच जणांना एक खोली पुरणार नाही, दोन लागतील. बुकिंग करताना 'कनेक्टिंग रूम' हा शब्द वापरायला सांगा. नुसत्या शेजारशेजारच्या खोल्या दिल्या तर मध्ये कॉरिडॉर येतो, रात्री नातवंडाला तुमच्याकडे यायचं तर दार उघडून बाहेर पडावं लागतं. कनेक्टिंगमध्ये आतूनच दार असतं. मग नातवंडं तुमच्या खोलीत झोपू देत. त्या वयाच्या मुलांना हॉटेलची खोली म्हणजे तंबूच वाटतो, आणि त्यात आजी असली की गोष्टी आल्या. मुलगा-सुनेला एक रात्र मोकळी मिळेल. यात तुमची अडचण कुठे आली? उलट हे सगळं तुमच्यामुळेच जमणार आहे.

सगळा दिवस त्यांच्यामागे फिरू नका. सकाळी दोन-तीन तास बरोबर राहा. 'आय फॉर इंडिया' नावाचा एक खेळ आहे, त्यात खुर्चीत बसून आपण देशावरून उडत चाललोय असं वाटतं. तो तुम्हाला मुलांइतकाच आवडेल. खुर्च्या हलतात, त्यामुळे चक्कर येण्याचा किंवा मानेचा त्रास असेल तर दारातल्या माणसाला आधी विचारा. राजासॉरसच्या नावेत अंग भिजतं, तिथे नऊ वर्षांच्या नातवंडाला बापाबरोबर पाठवा. सलीमगड भुताखेतांचा आहे, सहा वर्षांच्याला तिथे न्यायची घाई नको. ऊन चढलं की तुम्ही हॉटेलवर परत या, जेवा, पडा. चारच्या सुमाराला धाकट्याला तुमच्याकडे आणून सोडायला सांगा. तोवर तोही दमलेला असतो. तलावाच्या कडेला बसून तुम्ही दोघं संध्याकाळ घालवा. मात्र पाण्यात उतरायचं असेल तर त्याचे आई किंवा बाबा आल्याशिवाय नाही.

परतीच्या दिवशी महडच्या वरदविनायकाचं दर्शन घ्या, खोपोलीहून अगदी जवळ आहे. पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच असल्यामुळे गाडी स्वतःची असेल आणि मुलं दमली नसतील तर पालीचा बल्लाळेश्वरही होईल. दोन्ही एकाच दिवशी उरकायचा हट्ट मात्र धरू नका. आणि मुलाची गाडी भरली असेल, तरी वाईट वाटून घेऊ नका: डोंबिवलीहून खोपोली लोकल मिळते. कर्जतच्या पुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी छोटी स्टेशनं घेत ती जाते. मोठ्या नातवंडाला बरोबर घ्या आणि दोघं ट्रेनने या. गाड्या कमी असतात, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. खोपोली स्टेशनवर मुलगा गाडी घेऊन येईलच.

प्रश्न : आम्ही हाँगकाँग डिस्नेलँडच्या हॉटेलात राहायचं ठरवलंय. आमची पाच वर्षांची मुलगी मिकीची चित्रं काढते, मिकीचं पांघरूण घेऊन झोपते. पण मॉलमध्ये मिकीच्या वेशातलं कुणी दिसलं की किंचाळून माझ्या पायाला बिलगते. आता ट्रिपच रद्द करावी का?
— एक आई, ठाणे

उत्तर : रद्द करू नका. पुस्तकातला मिकी तिच्या तळहाताएवढा असतो आणि तिथला बाबांएवढा उंच, चेहरा न हलणारा, न बोलणारा. घाबरणं अगदी साहजिक आहे, आणि बहुतेक मुलांची ही भीती वयाबरोबर जाते.

कॅरेक्टर ब्रेकफास्ट म्हणून जे विकलं जातं, त्यात ही पात्रं टेबलापाशी येतात. ते घेऊ नका, साधी न्याहारी घ्या. तिथल्या तीन हॉटेलांपैकी २०१७ मध्ये उघडलेलं एक्स्प्लोरर्स लॉज तुमच्यासाठी बरं. जगभर फिरणाऱ्या शोधकांच्या कल्पनेवर ते उभं केलंय, चारी बाजूंनी आशिया, ओशनिया, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेच्या नावाच्या बागा आहेत. त्या बागांतच अर्धा दिवस जाईल. मेट्रोने गेलात तर सनी बे स्टेशनवर गाडी बदलावी लागते. पुढच्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत. तिच्यासाठी तो मिकी अगदी योग्य मापाचा.

प्रत्यक्ष मिकी दिसला तर दुरूनच हात हलवा. तिला पुढे ढकलून फोटो काढण्याचा मोह आजूबाजूच्या सगळ्यांना होतो. तुम्ही मध्ये उभ्या राहा. 'आत माणूस आहे, घाबरू नकोस' हे सांगावं का, असं पालक विचारतात. ती स्वतः विचारेपर्यंत मी सांगणार नाही, कारण काही मुलांना आत दडलेल्या माणसाचीच जास्त भीती बसते. तिने विचारलं तर मात्र खरं सांगा.

जाता जाता एक: भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला चौदा दिवसांपर्यंत जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मुलीच्याही नावाने करा.

प्रश्न : मुलांच्या रिसॉर्टचा दर वेबसाइटवर एक दिसतो आणि हातात बिल येतं भलतंच. बुकिंग करताना नेमकं काय विचारायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पहिला प्रश्न कराचा. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के लागतो, त्यावर गेलं की १८ टक्के. त्यामुळे सात हजार आठशेची खोली आणि साडेसात हजारांची खोली यांच्या बिलातला फरक तीनशेचा राहत नाही, तेराशेच्या वर जातो.

दुसरा प्रश्न मुलांच्या वयाचा. कुठे पाच वर्षांपर्यंत फुकट, कुठे सहा, कुठे बारा, आणि खोलीत फुकट असलेल्या मुलाच्या न्याहारीचे पैसे वेगळे, असंही असतं. प्रत्येक मुलाचं वय सांगून, 'झोपणं, न्याहारी आणि जादा गादी धरून एकूण किती' हे ईमेलवर मागवा. फोनवरचं तोंडी उत्तर काउंटरवरच्या माणसाला माहीत नसतं.

पार्कचं तिकीट खोलीच्या भाड्यात आहे का, असेल तर किती दिवसांचं आणि हॉटेल सोडल्यावर त्या दिवशी चालतं का, हेही त्यातच विचारा. बाहेरचं खाणं बहुतेक पार्क आत नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं चालतं. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, आणि ते तिथे भाड्याने किंवा विकत घ्यायला गेलात तर चार जणांचा खर्च चांगलाच वाढतो. घरून न्या. लहान बाळासाठी पोहण्याचे वेगळे डायपर येतात, तेही सांगलीतूनच घेऊन ठेवा.

आणि दोन पार्क, दोन दिवस, एक रात्र असं भरगच्च पॅकेज स्वस्त दिसलं तरी आधी त्याचे तास मोजा. खोलीत मुलांना जागेपणी चार तासही मिळत नसतील, तर एक पार्क कमी असलेलं पॅकेज घ्या.